‘बस’ म्हणजे नेमकं काय? नववीतल्या मुलाचं पहिलं पिल्लू : एक प्रकरण

२२ डिसेंबरच्या रात्री साडेनऊला दादाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. बुटांच्या खोक्यात जुन्या टॉवेलवर फुटाण्याच्या रंगाचं एक पिल्लू आणि खाली एवढंच, "तुझ्या भाच्याचे प्रताप". मी हसले, अंगठा पाठवला, झोपले. बरोबर ९ दिवसांनी, ३१ तारखेला संध्याकाळी वहिनीचा फोन. "ताई तुम्ही हे घेऊन तरी जा, नाहीतर हे म्हणतायत उद्या शेतावर सोडून येतो." मागून पिल्लाचं केकाटणं आणि ओजसचं रडणं, दोन्ही एकदम ऐकू येत होतं.

त्या ९ दिवसांत काय बिघडलं आणि पुढच्या सहा-सात महिन्यांत त्यातलं काय सरळ झालं ते लिहितेय. मी ट्रेनर वगैरे नाही, घरात वीस वर्षं कुत्री आहेत एवढंच क्वालिफिकेशन. नावं बदललीत. ओजस तेव्हा नववीत, वय १४. घरात दादा, वहिनी, ओजस, ७ वर्षांची छोटी आणि आमची आई. नाशिक, तिसरा मजला, टू बीएचके.

आधीची थोडी पार्श्वभूमी. ओजसला हवा होता हस्की. रील्सचा परिणाम. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि या पठ्ठ्याला बर्फातलं कुत्रं पाहिजे. दादाने मधला मार्ग म्हणून कुणाकडून तरी लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, ठरवला, "३५ दिवसांचं पिल्लू आहे, आत्ताच टोकन द्या" असं तो माणूस म्हणाला. तिथे मी मध्ये पडले. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या कुत्रे पैदास नियमांनी बंदी आहे, तरी ३५ दिवसांची पिल्लं सगळीकडे सर्रास विकली जातात कारण तेव्हा ती खेळण्यासारखी दिसतात. आणि कायदा राहू दे बाजूला, दात किती जोरात लावायचे हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ बंद. हे शिकायच्या आधीच उचललं तर ती शिकवणी आपल्या हातापायावर होते.

लॅब कॅन्सल झाला, ओजस दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि मग क्लासच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीमागे त्याला चार पिल्लं दिसली, टपरीवाला म्हणाला घेऊन जा एखादं, थंडीत मरतील. त्याने आणलं. डॉक्टर मॅडमनी दात बघून सांगितलं सात आठवडे असेल. म्हणजे माझं एवढं भाषण होऊनसुद्धा आलं ते लवकर उचललेलंच, आणि आई जिवंत होती तिथे, हेही मला नंतर कळलं. पण आलेलं पिल्लू परत टपरीमागे नेऊन ठेव म्हणायची माझी काही हिंमत झाली नाही.

नाव ठेवलं फुटाणा.

१ जानेवारीला सकाळच्या बसने मी गेले. दार उघडलं तर दारातच दादा पेपरची गुंडाळी हातात घेऊन उभा, पिल्लू दिवाणाखाली, वहिनी फरशी पुसतेय. मी म्हटलं आज कोणी काही बदलू नका, रोज जसं करता तसंच करा, मी नुसती बसते. ओजसची एक जुनी भूगोलाची वही घेतली आणि मागच्या पानावर लिहीत गेले. त्यातलं जसंच्या तसं देते, कारण सगळं प्रकरण त्या पानात आहे :

सकाळी ६.१० उठलं. ६.१५ दिवाणाजवळ शू, दादाने नाक घासलं. ७ दूध-बिस्किट (आई). ७ ते ९.३० जागं, सगळ्यांच्या मागे. ९.४० झोपलं. ९.५० छोटीने उचललं. ११ परत झोपलं, बेल वाजली, उठलं. १ ओजस शाळेतून, खेळ. २.३० सोफ्यामागे शी, पातळ. ३ झोप, २० मिनिटं. ४ मित्र आले (पाच जण). ६ चावायला सुरुवात. ६.४० वहिनीचा ओढणीचा काठ फाडला. ७.१५ गोल गोल पळतंय, भुंकतंय, कोणी हात लावला की दात. ८ दादा : "हे कुत्रं वेडं आहे."

बेरीज केली तर दिवसभरात, म्हणजे सकाळी ६ ते रात्री ८ मध्ये, जेमतेम दोन तास झोप. या वयाचं पिल्लू २४ तासांत १८ ते २० तास झोपतं. लहान बाळाची झोप मोडली की संध्याकाळी ते कसं किरकिर करतं हे आमच्या आईला पाठ आहे, दोन पोरं आणि दोन नातवंडं वाढवलीत तिने, पण पिल्लाला तो नियम लागू असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांना वाटायचं ते दमलं की शांत होईल म्हणून आणखी खेळवायचे. उलटं होतं ते. दमलेलं पिल्लू आडवं पडत नाही, पिसाळल्यासारखं करतं.

तर पहिला उपाय ट्रेनिंगचा नव्हताच. दिवाण आणि भिंतीच्या मधला कोपरा होता, तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा लावला, आत ओजसचा जुना स्वेटर आणि पाण्याची वाटी. एक तास जागं, मग दीड-दोन तास त्या कोपऱ्यात. पहिल्या दिवशी आत ठेवल्यावर १५ मिनिटं बोंबललं, ओजस बाहेर जमिनीवर पडून राहिला, स्टँडमधून बोटं आत घालून. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की एकटं सोडायचं नाही आणि बाहेरही काढायचं नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून जाऊन झोपायला लागलं. मित्रमंडळ फक्त शनिवार-रविवार, आणि एका वेळी दोन. संध्याकाळचा तो सहा ते आठचा तमाशा आठवड्यात अर्ध्यावर आला. बाकी काहीही शिकवलेलं नसताना.

आता ‘बस’ची गोष्ट.

ओजस दुसऱ्याच दिवसापासून फुटाण्याला "बस, बस" म्हणून शिकवत होता, पाठीवर हात दाबून. वहिनी तो चावला की ओरडायची, "बस! बस झालं!" दादा फोनवर बोलताना दिवसातून चाळीसदा "बस का?" म्हणतो. आणि छोटी सोफ्यावर थोपटून बोलवायची, "इथे बस". म्हणजे एका शब्दाचा अर्थ खाली बूड टेक, चावणं थांबव, काहीच नाही आणि सोफ्यावर चढ. पिल्लू शिकत नव्हतं असं नाही हो, चार जण चार गोष्टी शिकवत होते आणि ते बिचारं सगळ्या शिकायचा प्रयत्न करत होतं.

बोलावण्याचं तेच. ओजसचं "कम हिअर", दादाचं "ए इकडे", वहिनीचं "चल रे". आणि आमची आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून "यू यू यू" करायची, गावाकडे जसं करतात तसं, आणि हातात भाकरीचा तुकडा. फुटाणा कुणाकडेही जायचा नाही, आईकडे मात्र गोळीसारखा. ओजसला हे फार लागलं. "मी त्याच्यासाठी रात्री उठतो आणि तो आजीकडे जातो." मी म्हटलं अरे आजी नऊ दिवस रोज चार वेळा एकच शब्द एकाच आवाजात बोलतेय आणि प्रत्येक वेळी काहीतरी देतेय, तुला रील्समध्ये जे दाखवतात ना, तेच करतेय ती.

मग घरात मीटिंग झाली, चहा घेऊन. फ्रिजवर कागद लागला, ओजसच्या अक्षरात. बोलवायचं असेल तर सगळ्यांनी "यू यू". दादा म्हणाला मी सोसायटीच्या गेटवर यू यू करत उभा राहणार नाही. अजूनही तो जरा हळूच करतो. बसवायचं असेल तर "सिट", कारण हा शब्द आमच्या घरात दुसऱ्या कशालाच वापरत नाहीत. थांबवायचं असेल तर "पुरे". मराठी घरात कुत्र्याला इंग्रजीत का बोलतात यावर मी पूर्वी हसायचे, आता हसत नाही. शब्द कुठल्याही भाषेतला चालतो, तो दिवसभर हवेत उडत नसला म्हणजे झालं.

शिकवायची पद्धत साधी आहे पण ओजसला ती जमायला पंधरा दिवस लागले. उकडलेलं चिकन, मीठ न घालता, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. तुकडा नाकासमोर धरून हात हळूच डोक्याच्या वर मागे न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं रे टेकलं की त्याच क्षणी द्यायचा. ओजस आधी "गुड बॉय गुड बॉय" करत डबा उघडायला जायचा, तोवर फुटाणा उठून उडी मारायचा आणि तुकडा मिळायचा त्या उडीला. मग उड्या वाढल्या. मी म्हटलं बघ, शिकवलंस ना तू, उडी मारायला. पुढे तुकडे आधीच मुठीत ठेवले. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, कंटाळायच्या आधी बंद. जेवणाची वाटीसुद्धा फुकट नाही, आधी सिट, मग वाटी.

शूचं सांगते. नाक घासणं दादाने बंद केलं ते माझं ऐकून नाही, सोफ्यामागची शी त्याच्या स्वतःच्या पायाला लागली तेव्हा. नाक घासून पिल्लाला कळतं ते इतकंच, की माणसासमोर केलं की मार बसतो, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. लस पूर्ण झाल्याशिवाय खाली रस्त्यावर सोडायचं नव्हतं, म्हणून गॅलरीत जुनं घमेलं, त्यात माती आणि थोडा वाळका पाला. टपरीमागे मातीत वाढलेलं पिल्लू, त्याला फरशी काय कळणार. उठलं की, खाल्लं की, खेळ थांबला की, उचलून घमेल्यात. नेम असा धरतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके अधिक एक तास फार तर धरू शकतं, पण जागं असताना त्याच्या निम्म्यातच घमेलं दाखवलेलं बरं. जुन्या जागा पाण्यात व्हिनेगर घालून पुसल्या, कारण वास राहिला की ते तिथेच परत येतं. दूध बंद, चिकन-भात आणि पिल्लांचं खाणं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. आई नाराज झाली, पण पोट दोन दिवसांत बांधलं गेलं.

आता एक गंभीर गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले.

३ तारखेला जेवताना ओजसच्या डाव्या मनगटावर पट्टी दिसली. म्हटलं काय लागलं? "बेंच." कुठला बेंच? गप्प. वहिनी आत गेल्यावर म्हणाला, "आत्या तू आईला सांगणार नाहीस ना?" पट्टी काढली तर आत दोन बारीक टोचल्याच्या खुणा, दुधाच्या दातांच्या, सुकलेल्या. ३० तारखेला चावलं होतं, रक्त आलं होतं. धुतलं का? "नळाखाली धरला जरा." घरी सांगितलं असतं तर पिल्लू शेतावर गेलं असतं म्हणून चार दिवस लपवलं होतं.

मला घाम फुटला. रस्त्यावरचं पिल्लू, आईला लस आहे की नाही माहीत नाही, याला तर नाहीच. "एवढ्याशा पिल्लाला कसला रेबीज" असं लोक बिनधास्त म्हणतात, दादाही म्हणाला. पिल्लालाही रेबीज होतो, आणि माणसात लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर इलाज नाही, माणूस जातोच म्हणा. चावलं, ओरखडलं, रक्त आलं तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. उशीर झाला असला तरी जायचंच, आता काय उपयोग म्हणून बसायचं नाही. रात्रीच सरकारी दवाखान्यात गेलो, तिथे ही लस फुकट मिळते. रक्त आलेलं असल्यामुळे जखमेत सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार अँटिबॉडीज) सुद्धा दिलं, त्याला ओजस खूप ओरडला. मग दंडात, कातडीत टोचायची ती लस, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कार्डावर तारखा लिहून दिल्या. पिल्लाकडे १० दिवस नीट लक्ष ठेवायला सांगितलं, पण पिल्लू धडधाकट दिसतंय म्हणून इंजेक्शन लांबवायची नाहीत हेही तिथल्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

रिक्षात परत येताना वहिनी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर ओजसला म्हणाली, "पिल्लू जाणार नाही. पण परत लपवलंस तर तू जाशील शेतावर." मला ते वाक्य फार आवडलं, खरं सांगते. चौदा वर्षांच्या मुलाला पिल्लू देताना आईबाप अटी घालतात, मार्क कमी पडले तर देऊन टाकू, घाण केली तर देऊन टाकू. मग तो चावल्याचं कशाला सांगेल? एक गोष्ट अटीच्या बाहेर ठेवायची, लागलं, चावलं, काही गिळलं, तर सांगितल्याबद्दल कधीही पिल्लू जाणार नाही.

‘गिळलं’वरून आठवलं. जानेवारी ते मार्च नाशिकमध्ये द्राक्षं नाहीत असं घर दाखवा. कुणी ना कुणी बागेतून क्रेट पाठवतोच, आणि तो क्रेट ठेवतात कुठे, जमिनीवर. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची किडनी घालवू शकतात, आणि किती खाल्ली तर हा हिशोब नाही, काहींना थोडीशीही बाधतात. फेब्रुवारीत छोटी एक एक द्राक्ष फरशीवर घरंगळत सोडून फुटाण्याला पळवत होती, आईने बघितलं म्हणून बरं. चॉकलेट, कांदा, लसूण, शुगर-फ्री च्युइंगम, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, हे सगळं त्याच फ्रिजवरच्या कागदावर खाली लाल पेनने आहे.

लसी पटकन सांगते : आठव्या आठवड्यात पहिली, मग बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, रेबीजची तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. मधे मधे जंताचं औषध. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती मोठी, त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, चपलेबरोबर घरात येतो, म्हणून तेव्हा चपला दाराबाहेर. टपरीमागची उरलेली तीन पिल्लं बघायला ओजस जानेवारीअखेर गेला तर एकच होतं. बाकीची कुणी नेली की काय झालं, टपरीवाल्याला सांगता आलं नाही. ओजसने त्या एकाला क्लासमधल्या मैत्रिणीकडे घर बघून दिलं, हे मला नंतर समजलं.

पण लस होईपर्यंत घरात कोंडूनही चालत नाही. तीन ते साधारण चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू जे बघेल ते त्याला पुढे आयुष्यभर ‘हे असतंच’ वाटतं, न बघितलेल्याची भीती बसते. म्हणून ओजस त्याला जुनी शाळेची बॅग पोटावर उलटी लावून, चेन अर्धी उघडी, त्यातून डोकं बाहेर, असं घेऊन फिरायचा. भाजी मार्केट, रिक्षा स्टँड, देवळाची घंटा, हेल्मेट घातलेली माणसं, काठीवाले आजोबा. जमिनीवर पाय नाही. घंटा वाजली की एक तुकडा. सिट-बिटपेक्षा या बॅगेच्या फेऱ्यांचा उपयोग जास्त झाला असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. वॉचमनची शिट्टी मात्र राहून गेली. आजही शिट्टी वाजली की शेपूट पायात.

सोसायटीत एका काकांनी लिफ्टवरून कटकट केली. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर किंवा त्याच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताचा ठराव करूनसुद्धा. दादा प्रिंट काढून निघाला होता, मी थांबवलं. म्हटलं आधी महिनाभर ओजस पिशवी घेऊन शी उचलताना दिसू दे सगळ्यांना, काका लिफ्टमध्ये असले तर जिन्याने जाऊ दे. प्रिंट अजून खणात आहे, लागली नाही.

एप्रिलमध्ये झाडताना वहिनीला सोफ्याखाली तांदळाएवढा दात सापडला, मग आणखी दोन. दात पडायच्या त्या दोन महिन्यांत रिमोट, दादाचा चष्मा आणि विज्ञानाचं पुस्तक गेलं. ओले कपडे पिळून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि चावायला द्यायचे, हा उपाय चालला. आणि मेअखेर, सगळं जमलं असं वाटत असताना, साहेब सहा-सात महिन्यांचे झाले आणि "यू यू" केलं की मान वळवून बघायचे आणि उलट दिशेला निघून जायचे. ओजसचा फोन, "आत्या तो सगळं विसरला." विसरला नाही रे, तुझ्यासारखाच झालाय. दोन महिने लांब दोरी लावून फिरवा, पळून जाण्यात मजा येऊ देऊ नका, परत चिकन काढा. दिवाळीनंतर नसबंदीची तारीख घेतलीय. फटाक्यांचे आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून जेवण देणं आतापासून सुरू आहे, आवाज आठवड्याला एक रेघ वाढवायचा, कान मागे गेले की परत एक रेघ कमी.

दादाला तो आवडायला लागला वगैरे काही नाही, अजूनही म्हणतो शेतावर बरं झालं असतं. पण जूनपासून ओजस दहावीत. क्लास सकाळी ७ ला, म्हणजे फिरवायचं ६ ला, आणि तो रात्री बारापर्यंत अभ्यास करतो, करतो म्हणतो तरी. भूगोलाची वही अजून चालू आहे, आता त्यात सकाळी कोण गेलं त्याच्या पुढे सही करायची. मागच्या आठवड्यात मी बघितली. ११ दिवसांत ओजस ६, दादा ३, वहिनी १. उरलेल्या एका दिवसापुढे आईची सही आहे, थरथरत्या अक्षरात पूर्ण नावाची. खाली काही ती गेली नव्हती, गॅलरीतल्या घमेल्यावरच भागवलं होतं.